पाच बोटांची पट्टी

आमच्या गल्लीत बोरसे मॅडमसमोर कोणाच्या स्वभावाबद्दल बोलायची सोय नव्हती. म्हणजे बोला ना, खुशाल बोला, पण मग पुरावा द्या. कोणी म्हणालं, "ती कोपऱ्यावरची भारी कंजूस आहे हो," की मॅडम चष्मा कपाळावर सारून विचारणार, "कशावरून?"

"अहो, सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना असेल. तुम्हाला कशावरून माहीत?"

मग बोलणारी बाई आठवायला लागायची. डोकं खाजवायची, पदर सारखा करायची, आणि शेवटी निघायचं काय, तर तिनं एकदा विरजण दिलं नव्हतं. "एकदा?" मॅडम म्हणायच्या. "एकदा म्हणजे तो प्रसंग झाला. स्वभाव नाही झाला." आता सांगा, अशा बाईबरोबर चहा पिताना माणसानं गप्पा काय मारायच्या, कप्पाळ?

मी त्यांची शेजारीण, मंगला. सुरतेच्या डिंडोलीत रो-हाउसची एक रांग आहे, तिच्यात त्यांचं आणि माझं घर भिंतीला भिंत लावून. माझ्या पुढच्या खोलीत साडीला फॉल-बिडिंग करून द्यायचं दुकान. बायका साडी टाकायला येतात, आणि टाकून झाली तरी उठत नाहीत. दारापुढचा ओटलाही माझाच मोठा. म्हणून गल्लीची सगळी खबरबात आधी माझ्याकडे येते, मग पुढे जाते. मी मूळची खानदेशातली, शिंदखेड्याकडची, बोलायला फटकळ, हे आधीच सांगून ठेवते.

मॅडम कॉलेजात मानसशास्त्र शिकवून रिटायर झाल्या आणि आमच्या शेजारी राहायला आल्या. नवरा गेलेला, एक मुलगी नीलिमा, ती बडोद्याला. मानसशास्त्र म्हटल्यावर गल्लीनं आपल्या मनानं ठरवून टाकलं की ही बाई माणसाच्या डोळ्यांत बघून मनातलं ओळखते. पहिले काही दिवस बायका त्यांच्याशी बोलताना जमिनीकडे बघायच्या. एक जण तर गॉगल लावून आली.

मी कसली घाबरते! आमची पहिली गाठ पडली ती भाजीवाल्याच्या गाडीपाशी. त्यानं मला खालची वांगी किडकी घातली होती आणि मी त्याचा उद्धार करत होते. मॅडम शांतपणे कोथिंबीर निवडत उभ्या. त्यांना उगाच वाईट वाटू नये म्हणून मी म्हटलं, "माझा स्वभावच रागीट आहे हो, मनावर घेऊ नका."

"कशावरून?" त्या म्हणाल्या.

आता रागीट कशावरून ते काय सांगायचं? समोर चाललंय ते दिसत नाही का? पण त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यांनी कोथिंबीर खाली ठेवली, उजव्या हाताचा पंजा माझ्यासमोर उघडा धरला आणि म्हणाल्या, "अंगठा म्हणजे मुळीच नाही. करंगळी म्हणजे अगदी तशीच. मधली बोटं म्हणजे मधलं. तुमचा राग कुठल्या बोटावर?"

मी तोऱ्यात त्यांची करंगळी धरली. कमी कशाला सांगायचं?

"घरी नवऱ्यावर?"

"त्यांच्यावर नाही एवढी. ते बोलतच नाहीत, भांडणार कोणाशी?"

"गिऱ्हाइकांवर?"

"गिऱ्हाइकावर चिडून कसं चालेल?"

"मग राहिला भाजीवाला," मॅडम म्हणाल्या, आणि कोथिंबिरीचे पैसे देऊन घरी गेल्या. मी पिशवी धरून तिथेच उभी. इतकी वर्षं मी स्वतःला आग्या वेताळ समजत होते, आणि ह्या बाईनं दोन प्रश्नांत मला भाजीच्या गाडीपुरती करून टाकली.

तो पंजा म्हणजे मॅडमची मोजपट्टी. मानसशास्त्रवाले स्वभाव मोजायला कागदावर वाक्यं देतात आणि प्रत्येकापुढे पाच रकाने: अजिबात पटत नाही, पटत नाही, सांगता येत नाही, पटतं, अगदी पटतं. आमच्याकडच्या निम्म्या बायकांना रकाने वाचता येईनात, म्हणून मॅडमनी ती बोटांवर आणली. पुढे पुढे त्यांना त्याची अशी सवय लागली की सगळ्या दुनियेलाच त्या पंजा दाखवायच्या. भाजीवाल्यालाही शिकवलं. गाडी दारात आली की तो आपणहून ओरडायचा, "मॅडम, गवार आज चार, भेंडी दोनच हां!" भेंडी दोन आहे म्हणून कबूल करणारा भाजीवाला अख्ख्या सुरतेत दुसरा नसेल.

हे वाक्यांचं काम त्या आमच्याकडे का करत होत्या, तर त्यांना एक प्रश्नावली आमच्या लोकांच्या बोलीत आणायची होती. मूळची इंग्रजी, तिचं मराठी कोणीतरी आधी केलेलं. त्यातलं एक वाक्य त्यांनी मला वाचून दाखवलं, "मला अमूर्त संकल्पनांमध्ये रस वाटतो." मी म्हटलं, "मॅडम, रस आम्हाला आंब्याचाच वाटतो." त्या इतक्या हसल्या की चष्मा पडला. दुसऱ्या दिवसापासून दुपारी माझ्या ओटल्यावर त्यांची बैठक सुरू झाली. मी साडी टाचायची, त्यांनी वाक्य वाचायचं, आणि आलेल्या बायकांनी ते आपल्या तोंडात कसं बसतं ते सांगायचं.

मला आपलं वाटायचं, स्वभाव काय मोजायची चीज आहे? मापायला तो काय ब्लाउजपीस आहे? मॅडमनी मला सोप्पं करून सांगितलं होतं. भाषेत स्वभावाला ढीगभर शब्द असतात. घुम्या, लोचट, आगाऊ, चिकट, भोळसट, तापट. ह्या मंडळींनी काय केलं, असे शब्द गोळा केले आणि कुठले शब्द एकाच माणसाला बरोबरीनं लागू पडतात ते हजारो लोकांत बघितलं. मार्केटात साड्यांचे शेड लावतात तसे त्यांचे गठ्ठे लावले. बरेच जण म्हणतात, ढोबळ गठ्ठे पाच पडतात. लोकांत मिसळायची हौस, कामाची शिस्त, दुसऱ्याशी मायेनं वागणं, मनाची घालमेल, आणि नव्याचं कुतूहल. "पण कोणी माणूस एका गठ्ठ्यातला नसतो, मंगल," त्या म्हणायच्या. "पाचही सगळ्यांत असतात. कमी नि जास्ती. स्वभाव ही पेटी नाही, पट्टी आहे." मी लगेच मनातल्या मनात सासरच्या माणसांना पट्टीवर उभं करून बघितलं. फार मजा आली.

पण पट्टी लावायची म्हणजे माणूस सरळ उभा राहायला पाहिजे, आणि आमची माणसं कसली राहतात! "मी अनोळखी लोकांशी सहज बोलते" ह्या वाक्याला सगळ्या जणींनी पटापट अंगठा धरला. मुळीच नाही! एक नाही, दोन नाही, सगळ्या. मॅडम चक्रावल्या. मला मात्र हसू आवरेना. ह्याच बाया उधन्याला जायला शेअर रिक्षात बसल्या की उतरेपर्यंत रिक्षावाल्याचं गाव, जात, बायकोचं माहेर आणि पोराचे मार्क काढून आणतात. मी तसं म्हटल्यावर एक जण तोंडाला पदर लावून म्हणाली, "हो, पण असं लिहून कसं द्यायचं? सासरी काय म्हणतील?"

मॅडम चिडतील असं मला वाटलं. छे! त्यांचे डोळे असे चमकले, जसं काही दिवाळीचं पाकीट मिळालं. "बघ मंगल, ही बाई खोटं नाही बोलत. ती कशी आहे ते नाही, तिनं कसं असायला हवं ते सांगते आहे. हे जगभर होतं. ते ओळखायचं कसं, हाच आमचा निम्मा धंदा." त्यांनी वाक्य बदललं. 'मी सहज बोलते' काढून टाकलं आणि घातलं, 'रिक्षात शेजारी बसलेल्या बाईचं गाव मी विचारते.' झाल्या की करंगळ्या वर!

दुसरी गंमत वत्सलाबाईंची. ह्या नवागामच्या, घरी बसून साड्यांना टिकल्या लावायचं काम करायच्या, बोलायच्या अस्सल अहिराणी. मॅडम मुद्दाम एकच गोष्ट दोनदा विचारायच्या, एकदा सुलटी, एकदा उलटी. 'माझी कामं वेळेवर होतात' आणि मग बरंच पुढे गेल्यावर 'माझी कामं पडून राहतात.' जो नुसताच हो-हो करत सुटतो तो त्यात सापडतो. वत्सलाबाईंनी दोन्हीला करंगळी धरली. मॅडम म्हणाल्या, "अहो, दोन्ही कसं?"

"दोन्ही खरंच शे ना, मॅडम!" वत्सलाबाई म्हणाल्या. "भाकरी येळवर व्हस, नि टिकलीनं काम पडी ऱ्हास."

तेवढ्यात त्यांची सून पुढे सरसावली. "यास्ले काय इचारतस? माले इचारा, मी सांगस." आणि तिनं सासूची सगळी वाक्यं धडाधड सांगून टाकली. सासू मधूनमधून भांडत होती, पण हसतही होती. मग तिसरीनं सुनेची सांगितली. चौथीनं माझी सांगायला सुरुवात केली तेव्हा मी कात्री आपटली.

मॅडमच्या प्रश्नावलीचा त्या दिवशी पार बोऱ्या वाजला. एकेकानं आपापलं उत्तर द्यायचं, दुसऱ्यानं बोलायचं नाही, असा तिचा नियम. आणि आमच्याकडे एकटं म्हणून कोणी काही करतच नाही, उत्तर तरी एकटं कसं देणार? पण मॅडमनी ते सगळं टिपून घेतलं होतं. बायका गेल्यावर म्हणाल्या, "मंगल, हेही एक माप आहे. माणसाला स्वतःला विचारायचं, आणि त्याला रोज बघणाऱ्याला वेगळं विचारायचं. माणूस स्वतःला आतून बघतो. शेजारी बाहेरून. भीती, काळजी हे आतलं त्यालाच ठाऊक. पण तो किती बोलतो, किती भांडतो, ते शेजाऱ्याला विचारावं."

"मग मला विचारा ना तुमचं!" मी थट्टेनं म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. आत जाऊन पाणी पिऊन आल्या आणि ओटल्याच्या कडेला बसल्या. मग त्यांनी मला त्यांच्या मोठ्या बहिणीचं सांगितलं.

ती बहीण म्हणजे मायेचा सागर. मॅडमच्या शिक्षणासाठी घरात भांडली, त्यांच्या बाळंतपणाला तिनं रजा काढली. आणि साठीच्या आसपास ती बदलत गेली. संशय घ्यायची, वाटेल ते बोलायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला चोर ठरवायची. घरात सगळे म्हणाले, म्हातारपणी खरे रंग दिसले. मॅडमनाही तिनं काहीतरी जिव्हारी लागेल असं ऐकवलं. दोघींचं बोलणं बंद झालं ते झालंच. पुढे कधीतरी डॉक्टरनी सांगितलं की हा मेंदूचा आजार होता, त्यात काही जणांची आठवण जायच्या आधी स्वभावच बदलतो. तोवर बहीण कोणालाच ओळखत नव्हती.

"मी जन्मभर स्वभाव शिकवला, मंगल," मॅडम म्हणाल्या. "आणि माझ्या सख्ख्या बहिणीला मी विचारलं नाही, की हे कशावरून. आता मला भीती आहे ती एकच. मला तसं झालं तर मला कळणार नाही. ज्याचा बदलतो त्याला शेवटी कळतं. नीलिमाशी माझं तसं झालं तर ती मला वाईट समजून निघून जाईल. मी गेले तशी."

म्हणून आमचा करार झाला. दर आखाजीला मी त्यांना बोटांवर मोजायचं. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा आम्हा खानदेशी बायकांचा मोठा सण. लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, सांजोऱ्या करतात. त्या दिवशी मॅडम पंजा उघडून बसायच्या, स्वतःबद्दलचं एकेक वाक्य म्हणायच्या, आणि मी बोट धरायचं. मागच्या वर्षी कुठलं धरलं होतं ते त्या सांगायच्या नाहीत. "नाहीतर तू त्याच्यावरूनच ढकलशील." आणि ज्या वर्षी मला पट्टी हललेली दिसेल त्या वर्षी मी दोन गोष्टी करायच्या. त्यांना तोंडावर सांगायचं, आणि नीलिमाला सांगायचं. "मी ऐकणार नाही," त्या म्हणाल्या. "भांडेन तुझ्याशी. तरी सांग. तू सांगशील. तुझ्यात तो गुण आहे."

"कुठला? फटकळपणाचा?"

"करंगळीएवढा," मॅडम म्हणाल्या.

मॅडमना मोजायचं म्हणजे मला मोठी चैन वाटायची. 'वस्तू जागच्या जागी ठेवते' ला मी करंगळी धरायची, आणि त्या चकित व्हायच्या, कारण त्या स्वतःला आळशी समजत! 'चटकन चिडते' ला अंगठा. 'नव्या गोष्टीचं कुतूहल' ला करंगळी पुरायची नाही, मी मनगट धरायची. आणि 'लोकांत मिसळायला आवडतं' ला पुन्हा अंगठा. कारण गल्लीभर झोक्याचा दंगा चाललेला असायचा आणि ही बाई एकदासुद्धा झोक्यावर बसली नव्हती. कडेला खुर्ची टाकून बघत बसायची. मी म्हणायची, "अहो, खानदेशी ना तुम्ही? या की!" तर म्हणायच्या, "मला बघण्यात जास्त मजा येते."

त्यांची पट्टी नेहमी बरोबर यायची असं मात्र समजू नका हं. साडीवर स्टोन लावणाऱ्या एका कारखान्याच्या शेठना बायकांवर देखरेख करायला कोणीतरी हवी होती. त्यांनी मॅडमना गाठलं. कामासाठी आलेल्या दोघीतिघींची वाक्यं मॅडमनी घेतली. शेठना घाई, हो की नाही एवढंच हवं. "बेन, खाली एटलुं कहो, आ बाई चालशे के नै चाले?"

"शेठ, मी माप देते. निकाल तुम्ही द्या," मॅडम म्हणाल्या.

त्यांतली आशा नावाची मुलगी शेठना नको होती. ती घुमी होती, तोंडातून शब्द फुटत नव्हता. मॅडमनी त्यांना पंजाच दाखवला. कमी बोलणं ही एक पट्टी, काम नीट करणं ही दुसरी. एकीवर अंगठा असलेली माणसं दुसरीवर करंगळीही असतात. आशाची शिस्त चांगली आहे, ती टिकून राहील असं माप सांगतं. शेठनी तिला ठेवलं. आणि आशाबाईंनी काय करावं? हंगामाचं काम ऐन भरात असताना आखाजीला माहेरी गेल्या, त्या महिना उलटला तरी येईनात! शेठनी मॅडमच्या दारात येऊन आरडाओरडा केला. मॅडमनी त्यांना ताक दिलं.

मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मॅडम स्वतःवरच खूष होऊन हसत होत्या. "आमचं माप साधारण काय होईल ते सांगतं, मंगल. आखाजीला काय होईल ते नाही सांगत. माहेर ही वस्तू त्या पट्टीत घालायचीच राहिली." आशा परत आली, शेठनी कुरकुरत घेतली, आणि तेव्हापासून आजवर ती तिथे आहे. सुट्टीच्या दिवशी ती मॅडमकडे यायची. बोलायची नाही, नुसती बसायची, भांडी घासून ठेवायची. दोघी अबोल बायका एकमेकींच्या सोबतीनं तासन्‌तास बसलेल्या मी बघितल्यात.

आणि ह्याच आशावरून मला ते कळलं.

त्याआधी मॅडम विसरायला लागल्या होत्या, पण विसरतं कोण नाही? मी स्वतः कात्री गळ्यात अडकवून कात्री शोधते. मॅडम भाजीवाल्यावर दोनदा खेकसल्या, तेही मी सोडून दिलं. भाजीवाल्यावर चिडणारीला मी काय नावं ठेवणार! प्रसंग आहे, स्वभाव नाही, असं मी त्यांच्याच शब्दांत मला समजावलं. मग एका सकाळी त्या ओटल्यावर आल्या आणि म्हणाल्या, "त्या आशाला घरात घेऊ नकोस. ती चोर आहे."

मला वाटलं थट्टा करतायत. मी त्यांच्यासारखाच चष्मा वर सारल्याचा आव आणला आणि म्हटलं, "कशावरून?"

"कशावरून काय?" मॅडम तोंड वाकडं करून म्हणाल्या. "चेहऱ्यावर दिसतं तिच्या."

माझ्या हातातली सुई थांबली. वस्तू हरवणं, नाव विसरणं, ते सगळं मी पचवलं असतं. पण चेहऱ्यावर दिसतं? ह्या बाईनं जन्मभर ज्या बिनपुराव्याच्या बोलण्याशी भांडण मांडलं तेच तिच्या तोंडून आलं, आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही. मला रडू फुटलं. मी आत जाऊन मिक्सर लावला, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

तरी मी लगेच बोलले नाही. मॅडमनी शिकवलं होतं ना, एकदाचं मोजायचं नसतं. मी बघत राहिले. दूधवाला, समोरची मुलं, वत्सलाबाई. प्रत्येकाबद्दल मॅडमकडे आता निकाल तयार होता. हा लबाड, ती भवानी, तो नालायक. पंजा उघडणंच बंद झालं. आखाजीला मी मुद्दाम त्यांच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "चला, मॅडम, बोटं काढा." त्यांनी हात पदराखाली घेतला. "तुला काय करायचंय माझ्या बोटांचं?"

त्याच दिवशी नीलिमा बडोद्याहून आलेली होती, आईला सांजोऱ्या घेऊन. दुपारी भिंतीपलीकडून मला मोठमोठ्यानं बोलणं ऐकू आलं. मॅडम ओरडत होत्या, "घर गिळायला आलीस! तुझी नजर मला पहिल्यापासून माहीत आहे!" मग दार धाडकन उघडलं. नीलिमा बॅग घेऊन बाहेर, डोळे लाल. मला बघून म्हणाली, "मावशी, मी परत येणार नाही. माणसाच्या मनात एवढं विष असतं? आई इतकी वर्षं दाबून ठेवून होती, एवढंच."

मी ओटल्यावरून उतरून तिच्या समोर आडवी उभी राहिले. "बॅग खाली ठेव," मी म्हटलं. "आईच्या मनात विष होतं म्हणतेस ना? कशावरून?"

तिनं बॅग खाली ठेवली. आईचा शब्द होता तो.

मग मी तिला सांगितलं. तिच्या सख्ख्या मावशीचं, मॅडमच्या बहिणीचं सांगितलं, करार सांगितला. नुसतं 'आई बदलली' असं नाही सांगितलं, त्यानं काय होणार? कोणाशी, कधीपासून, किती वेळा, आधी कशा वागायच्या, सगळं मापात सांगितलं. "आई एकट्या तुझ्याशीच अशी वागली असती तर मी म्हटलं असतं, तुमचं आई-लेकीचं काही असेल. पण त्या सगळ्यांशीच अशा वागतायत. दूधवाल्याशीसुद्धा. तो कुठे घर गिळायला आलाय?"

मॅडम दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मी त्यांच्याकडे वळले. शब्द दिला होता. "मॅडम, तुमची पट्टी हललीय. तुम्हीच सांगायला लावलं होतं."

"तूही तिला सामील," मॅडम म्हणाल्या. "मला ठाऊकच होतं." आणि दार लावून घेतलं.

मी खाली बसले ती तिथेच, रस्त्यावर. नीलिमाही माझ्या शेजारी बॅगेवर बसली. गल्लीच्या टोकाला लिंबाच्या झोक्यावर पोरींची गाणी चालू होती. बऱ्याच वेळानं नीलिमा उठली, आणि स्टेशनकडे न जाता तिनं आईचं दार वाजवलं.

पुढचं थोडक्यात. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, बहिणीचंच दुखणं निघालं. नीलिमानं आईला बडोद्याला नेलं. फोनवर सांगायची, आज आईनं मला जेवत्या ताटावरून उठवलं. आणि लगेच म्हणायची, "आई नाही, आजार." कधी तिला ते पटायचं, कधी नाही पटायचं. न पटलं की मला फोन करायची, आणि मी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायची.

ह्या आखाजीला ती आईला घेऊन आली. मॅडम वाळल्या होत्या, पण चेहरा शांत. औषधांनी असेल, नाहीतर दुखणंच पुढे सरकलं असेल. गाडीतून उतरल्या त्या सरळ झोक्याकडे चालायला लागल्या, आणि जन्मात कधी न बसलेली बाई पाटावर जाऊन बसली! पोरी हरखल्या, गाणं सुरू झालं. मॅडमही मोठ्यानं म्हणायला लागल्या. शब्द चुकत होते, आवाज फाटत होता, कोणाची पर्वा नव्हती. आशा एका बाजूला दोरी धरून उभी होती, मागून नीलिमा झोका देत होती. 'लोकांत मिसळायला आवडतं' ला आता कुठलं बोट धरायचं? मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं.

गाणं थांबल्यावर मी पुढे गेले. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, अनोळखी माणसाकडे बघावं तसं. नीलिमाला विचारलं, "ही कोण?"

"ही मंगलामावशी, तुझी शेजारीण," नीलिमा म्हणाली, आणि वातावरण हलकं व्हावं म्हणून पुढे म्हणाली, "सांभाळून हं आई, भारी रागीट आहे."

मॅडमनी पाय जमिनीला टेकून झोका थांबवला. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग नीलिमाकडे मान वळवली.

"कशावरून?"

नीलिमानं माझ्याकडे बघितलं. आशानं दोरीवर डोकं टेकलं. शेवटी मीच म्हटलं, "भाजीवाल्याशी भांडते मी, मॅडम."

त्यांनी थोडा विचार केला. मग एका हातानं दोरी धरून दुसऱ्या हाताचा पंजा माझ्यासमोर उघडला. पाचही बोटं सरळ.

मी मधलं बोट धरलं. त्यांनी मान डोलावली, आणि मी बोट सोडेपर्यंत झोका हलू दिला नाही.